शब्दवेध : मिश्पात

हिब्रू बायबलमधल्या स्तोत्रांतल्या न्यायाला मूळ शब्द आहे ‘मिश्पात’. तो ‘श-फ-ट’ या धातूपासून आला. निवाडा करणे आणि राज्यकारभार पाहणे, हे दोन्ही अर्थ या धातूत आहेत. न्यायाधीश तो ‘शोफेट’. म्हणूनच ८२व्या स्तोत्रात अनाथ-दुबळ्यांसाठी न्यायाची मागणी आहे आणि ९८व्यात देव न्याय करायला येतो तेव्हा समुद्र गर्जतो, नद्या टाळ्या वाजवतात. पहिल्या स्तोत्रात या न्यायापुढे न टिकणारे दुर्जन म्हणजे वाऱ्यावर उडणारे भूस. रत्नागिरीच्या खळ्यात भात वारवणाऱ्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही : फोल उडते, दाणा राहतो. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंच्या प्रार्थनेत ही स्तोत्रे आहेत. स्तोत्रांतल्या या न्यायाचे भय जुलम्याला असावे. पिचलेल्याला तो दिलासाच आहे.