मागेल तेवढीच हवा

स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर आपल्या इतक्या परिचयाचा असतो, की यंत्र म्हणून त्याच्याकडे आपण कधी पाहतच नाही. सिलिंडर भरलेला असो की संपत आलेला, शेगडीकडे जाणाऱ्या गॅसचा दाब तो जवळजवळ सारखा ठेवतो. एक रबरी पडदा, एक स्प्रिंग, एक तरफ आणि एक लहानशी झडप, एवढाच त्याचा संसार. आमच्या प्रयोगशाळेत नायट्रोजनच्या सिलिंडरवर बसतो तो याचाच दणकट भाऊ. तिसरा भाऊ पाणबुड्याच्या तोंडाशी असतो. त्याने संप केला, तर पाहुण्यांचा चहा उशिरा होण्यावर भागत नाही.

या तिसऱ्या भावाचा इतिहास आपण पाहू; त्यातही, पाठीवर दोन टाक्या घेऊन गुहेत किंवा फार खोल जाणारे पाणबुडे आपले रेग्युलेटर कशाच्या आधारे निवडू लागले, ते पाहू.

मुळात रेग्युलेटर हवाच कशाला? लांब नळी तोंडात धरून पाण्याखाली का राहता येत नाही, असे वर्गात कोणी ना कोणी विचारतेच. एक मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम वजनाएवढा जादा भार पडतो. छातीचे क्षेत्रफळ १००० चौरस सेंटिमीटर धरले, तर हा भार होतो १०० किलोग्रॅम. तो उचलून श्वास घेणे कोणाच्याही बरगड्यांना झेपणारे नाही. म्हणून आत येणारी हवाही भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची असावी लागते, आणि ती मागितली तेव्हाच मिळाली पाहिजे. नाहीतर टाकी बघता बघता रिकामी होईल.

ही दोन्ही कामे करणारे उपकरण जन्मले ते खाणीसाठी. फ्रान्समधील खाण-अभियंता बन्वा रुकेरोल यांनी १८६० मध्ये विषारी वायूंनी भरलेल्या खाणीत वापरण्याकरता मागणीनुसार हवा देणारी झडप बनवली. पुढे नौदल अधिकारी ओग्यूस्त दनेरूझ यांच्यासह त्यांनी ती पाण्यात नेली. ज्यूल व्हर्न यांच्या १८७० च्या पाणबुडीवरील प्रसिद्ध कादंबरीत या उपकरणाचा नावानिशी उल्लेख आहे. कल्पना अचूक होती, पण त्या काळच्या लोखंडी टाक्यांना मोठा दाब सोसत नसे. त्यामुळे पाणबुड्याला वरच्या पंपाशी जोडलेली नळी सोडता येईना, आणि हळूहळू उपकरण विस्मरणात गेले.

पुढची पायरी आली ती युद्धकाळातील टंचाईतून. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले आणि मोटारी गॅसवर चालवाव्या लागल्या. इंजिन जेवढा गॅस ओढेल तेवढाच त्याला पुरवणारी झडप पॅरिसमधील अभियंता एमिल गान्यां यांनी तयार केली होती. डिसेंबर १९४२ मध्ये नौदल अधिकारी झाक कुस्तो त्यांना भेटले. इंजिन ओढते तशी फुप्फुसेही ओढतात, हे दोघांनाही लगेच पटले असावे, कारण काही आठवड्यांतच मार्न नदीत चाचणी झाली. ती फसली. आडवे पोहताना श्वास ठीक चाले, पण उभे राहिले की हवा फुकट वाहून जाई आणि डोके खाली केले की ओढून ओढून घ्यावी लागे. उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा पडद्यापासून दूर होती, एवढाच दोष. पाण्यातल्या काही सेंटिमीटरच्या उंचीचा फरकही पडद्याला ‘कळत’ होता. दोन्ही एका पातळीवर आणताच अडचण मिटली, आणि १९४३ च्या जूनमध्ये कुस्तो हे उपकरण घेऊन समुद्रात उतरले.

पडदा किती नाजूक काम करतो याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा. सात सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर आपण तीन सेंटिमीटर पाण्याइतकी ओढ लावली, तर बल येते सुमारे ११५ ग्रॅम वजनाएवढे. आता २०० बार दाबाच्या टाकीला (समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १ बार असतो) चार मिलिमीटर व्यासाचे छिद्र असेल, तर त्यावर २५ किलोंचा रेटा असतो. ११५ ग्रॅमनी २५ किलो हलवायचे कसे? म्हणून दाब दोन टप्प्यांत उतरवतात. टाकीवरचा पहिला टप्पा तो भोवतालच्या दाबापेक्षा सुमारे १० बार जास्त, एवढ्यावर आणतो. मग त्याच छिद्रावरचा रेटा सव्वा किलो उरतो, आणि तो तरफेच्या आवाक्यातला असतो.

कुस्तो-गान्यां यांच्या उपकरणात सगळी यंत्रणा पाठीवर होती आणि तोंडापर्यंत दोन जाड नळ्या येत. मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड यांनी १९५२ मध्ये बाजारात आणलेल्या ‘पॉरपॉइज’मध्ये पहिला टप्पा टाकीवर राहिला, दुसरा तोंडाशी आला आणि मध्ये एकच बारीक नळी उरली. आमच्या मते या इतिहासातला सर्वांत फलदायी बदल हाच. टप्पे वेगळे झाल्यामुळे एका पहिल्या टप्प्याला आणखी नळ्या जोडणे सोपे झाले: जोडीदारासाठी, दाबमापकासाठी.

उघड्या समुद्रात उथळ पाण्यात, उदाहरणार्थ तारकर्लीला पर्यटक उतरतात तिथे, रेग्युलेटर रुसला तरी वर यायला वाट मोकळी असते. गुहेत डोक्यावर दगडाचे छत असते. खोल आणि लांब डुबकीनंतर ते छत आपल्या रक्तातच असते, कारण विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडू दिल्याशिवाय वर येता येत नाही. अशा डुबक्यांना १९९१ च्या सुमारास अमेरिकेतील मायकेल मेंदुनो यांनी ‘टेक्निकल डायव्हिंग’ हे नाव रूढ केले. पण त्यांची साधने गुहेतल्या पाणबुड्यांनी आधीच घडवली होती.

दोन टाक्या पूर्वीही वापरत, पण दोहोंना मिळून एकच तोटी आणि एकच रेग्युलेटर. हवा दुप्पट झाली, भरवसा मात्र होता तेवढाच राहिला. बहामातील पाण्याखालच्या गुहा धुंडाळणारे कॅनडाचे जॉर्ज बेंजामिन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या आसपास वेगळी जोडणी पुढे आणली. आडव्या नळीने दोन्ही टाक्या जोडलेल्या, दोन तोट्या, प्रत्येकीवर स्वतंत्र रेग्युलेटर. एक बिघडला तर त्याची तोटी बंद करायची. दुसऱ्यातून दोन्ही टाक्यांची हवा मिळतच राहते. पुढे आडव्या नळीच्या मध्यावर तिसरी तोटी आली. नळीच गळू लागली, तर निदान अर्धी हवा वाचावी म्हणून.

आता निवडीकडे येऊ. साध्या पहिल्या टप्प्यात टाकीतला दाब झडपेलाच ढकलत असतो, म्हणून टाकी रिकामी होत आली की श्वास जड होतो. म्हणजे खोलवर दोघे एकाच टाकीवर तगून आहेत, अशा नेमक्या वेळी. ‘संतुलित’ रचनेत हा दाब झडपेच्या दोन्ही बाजूंना सारखा पडून आपोआप रद्द होतो. दोन टाक्यांसाठी तीच पसंत करतात. जोडणीही शिकंज्याने आवळण्याची नको, आट्यांनी तोटीत बसणारी हवी, कारण छताचा धक्का बसला तर शिकंज्याखालचे रबरी कडे निसटू शकते. गार पाण्यासाठी पहिला टप्पा पाण्यापासून बंदिस्त असावा. दाब उतरताना हवा एवढी थंड होते, की स्प्रिंगभोवती बर्फ धरून झडप उघडीच अडकते. (बिघडली तर उघडी राहावी, अशीच ही यंत्रणा मुद्दाम रचलेली असते. श्वास बंद पडत नाही, पण टाकी काही मिनिटांत रिकामी होते.)

कोणता रेग्युलेटर कोणत्या बाजूला लावायचा, यालाही कारण आहे. गुहेच्या छताला घासत पुढे सरकताना डावी तोटी फिरून बंद होऊ शकते, उजवी उलट उघडते. म्हणून जोडीदाराला द्यायचा, सुमारे दोन मीटर लांब नळीचा रेग्युलेटर उजवीकडे लावतात. नळी लांब, कारण अरुंद वाटेत दोघांना एकामागून एक जावे लागते.

ही साधने वापरण्याची शिस्त घालून देणाऱ्यांत फ्लोरिडाचे शेक एक्स्ली आघाडीवर होते. ते शाळेत गणित शिकवत. गुहांतील मृत्यूंचा अभ्यास करून १९७९ मध्ये त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. बहुतेक बळी उपकरण बिघडून नव्हे, तर बाहेरपर्यंत सलग दोरी न बांधल्याने, परतीची हवा न राखल्याने किंवा फार खोल गेल्याने पडले होते. एक तृतीयांश हवा जाताना, एक तृतीयांश येताना, उरलेली संकटासाठी, हा नियम त्यांनी आग्रहाने मांडला. बारा लिटरच्या दोन टाक्यांत २०० बार दाबाने ४८०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर श्वास लागणारा पाणबुड्या ३० मीटरवर, म्हणजे ४ बार दाबाखाली, ८० लिटर वापरतो. एकूण ६० मिनिटे. पण नियमाप्रमाणे २० मिनिटांनी मागे फिरायचे.

आणि दोन रेग्युलेटरांचे गणित? समजा, केवळ उदाहरणापुरते, एक रेग्युलेटर १०० डुबक्यांत एकदा बिघडतो. दोन घेतले तर काही ना काही बिघडण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते; दोन्ही एकदम बिघडण्याची मात्र १०,००० त एक. पण हा गुणाकार चालतो तो दोन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. बर्फाळ पाणी दोघांनाही सारखेच गोठवते.

२७ ऑगस्ट १९४६ रोजी कुस्तो आणि फ्रेडरिक द्यूमा फ्रान्समधील वोक्ल्यूझच्या झऱ्यात उतरले. खोलवर दोघांनाही एकाच वेळी भोवळ आली आणि ते कसेबसे वर आले. त्यांचे रेग्युलेटर व्यवस्थित चालले होते. नंतर कळले, की टाक्या भरणारा कॉम्प्रेसर आपल्याच इंजिनाचा धूर आत ओढत होता आणि हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळला होता. टाक्या कितीही असत्या, तरी त्या भरल्या गेल्या होत्या एकाच कॉम्प्रेसरवर.