साताऱ्याची डोंगर धाव आणि पाण्यासाठी धावलेली माणसं

फजरच्या नमाजनंतर अकोटहून पोपटखेडच्या रस्त्याला लागलात, तर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. समोर सातपुडा असतो आणि त्याच्या आत कुठेतरी नरनाळा. माझ्या वर्गातून शिकून गेलेल्या एका मुलाने याच रस्त्यावर धापा टाकत मला विचारलं होतं, "सर, पहाडावर बी लागते का शर्यत?"

लागते, म्हटलं. साताऱ्यात लागते.

आधी त्या 'शर्यत' शब्दाचं सांगतो, कारण भाषा शिकवणाऱ्याला राहवत नाही. हा शब्द अरबी 'शर्त' वरून आलेला. उर्दूत आपण शर्त लावतो, मराठीत शर्यत लावतो. जासूद, हरकारा, कासिद हे शब्दही तिकडूनच आले, आणि हे सगळे निरोप घेऊन पायी पळणाऱ्या माणसांचे शब्द. धावण्याच्या बाबतीत मराठी आणि उर्दूची पिशवी बरीचशी एकच आहे.

सातारा हिल मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. सातारा रनर्स फाउंडेशन या स्थानिक मंडळींच्या संस्थेने ती सुरू केली. नाव मॅरेथॉन असलं तरी अंतर तिच्या निम्मं, म्हणजे २१ किलोमीटरच्या थोडं वर. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या वाटेवर वळसा घ्यायचा आणि आलेल्या रस्त्याने खाली यायचं. म्हणजे अर्धी शर्यत चढणीची, अर्धी उताराची. ज्यांना वाटतं उतार सोपा, त्यांनी एकदा गुडघ्यांना विचारावं. २०१५ मध्ये एकाच डोंगरावर सर्वाधिक लोक धावल्याबद्दल या शर्यतीची गिनीज बुकात नोंद झाली. त्या दिवशी अडीच हजारांहून जास्त माणसं घाट चढली होती.

एका वर्षी नात्यातल्या लग्नासाठी त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा घाटात उभा राहून ती पाहिली. धावलो नाही, उगाच फुशारकी नको. पाऊस भुरभुरत होता, धुकं होतं, आणि गावची माणसं ढोल-ताशे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. मला जास्त लक्षात राहिली ती टेबलं. थोड्या थोड्या अंतरावर पाणी, मीठ, लिंबाच्या फोडी. धावणारा हात पुढे करतो आणि पाणी आपोआप हातात येतं. वऱ्हाडातल्या खारपाणपट्ट्यातून गेलेल्या माणसाची नजर अशा टेबलावर अडकणारच.

कारण ज्या डोंगरावर ही माणसं धावतात, तो साताऱ्याचा पाण्याचा डोंगर आहे. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गाव वाढत गेलं. गड लढायला बरा. राजधानीचं गाव पोसायला मात्र पाणी लागतं. ते यवतेश्वरच्या अंगाने आलं. पुढे ब्रिटिश काळात कासच्या तलावाचं पाणी डोंगराच्या कुशीतून पाट काढून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणलं गेलं. अलीकडे कास धरणाची उंचीही वाढवली. म्हणजे ज्या अंगाने शर्यतीतले लोक वर जातात, त्याच अंगाने गावाचं पाणी खाली येतं. शर्यतीच्या जाहिरातीत कासची फुलं असतात, आणि का नसावीत? कासचं पठार २०१२ मध्येच, शर्यत सुरू झाली त्याच वर्षी, पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. पण गावाला त्या डोंगराशी बांधून ठेवलं ते फुलांनी नव्हे.

अजिंक्यताऱ्याची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे ती अर्धवट सांगितली जाते. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने साताऱ्याला वेढा घातला. प्रयागजी प्रभूंनी गड लढवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले, त्यातला एक उलटा त्यांच्याच फौजेवर कोसळला आणि चढाईसाठी पुढे आणलेली माणसं ढिगाऱ्याखाली गेली. एप्रिल १७०० मध्ये गड पडला. शहजादा आजमच्या नावावरून त्याचं नाव आजमतारा झालं, आणि ताराबाईंनी परत घेतल्यावर अजिंक्यतारा. वर्गात हे शिकवताना मुलं विचारतात, आपण कोणत्या बाजूचे? मी त्यांना ढिगाऱ्याखाली गेलेल्यांचं विचारतो. त्यांची नावं ना आजमताऱ्यात आहेत ना अजिंक्यताऱ्यात.

डोंगर चढून पळणं हा खेळ अगदी अलीकडचा. त्याआधी ते काम होतं, आणि कमी पगाराचं काम. स्कॉटलंडमध्ये अशी आख्यायिका सांगतात की अकराव्या शतकात राजा माल्कमने ब्रेमारच्या टेकडीवर शर्यत लावली, ती चपळ निरोप्या निवडण्यासाठी. आपल्याकडे इब्न बतूताने हे काम डोळ्यांनी पाहिलं. तो १३३३ मध्ये हिंदुस्थानात आला. पायी डाकेबद्दल तो लिहितो की एका मैलात तीन ठिकाणी माणसं तयार बसलेली असत. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, काठीच्या टोकाला तांब्याचे घुंगरू. घुंगरांचा आवाज आला की पुढचा माणूस कमर कसून उभा राहायचा. ही डाक घोड्यांच्या डाकेपेक्षा वेगवान होती, असं तो म्हणतो. याच डाकेने खुरासानची फळं येत. आणि मुहम्मद तुघलक दौलताबादेत असला की त्याच्या पिण्यासाठी गंगेचं पाणीही असंच येई, चाळीस दिवसांच्या वाटेवरून.

दौलताबाद आपल्याच मराठवाड्यातलं. सुलतानाच्या एका घोटासाठी किती पाय पळाले असतील, याचा हिशोब इब्न बतूताने दिलेला नाही.

पाण्यासाठी डोंगरांमध्ये धावल्याची सगळ्यात जुनी गोष्ट मात्र आपल्या घरात आहे आणि आपण तिला धावण्याची गोष्ट म्हणतच नाही. बीबी हाजरा तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा गेल्या. शेवटी झमझम मिळालं. आज हज-उमराला जाणारा प्रत्येक जण त्या सात फेऱ्या करतो. मिळून तीन किलोमीटरच्या आसपास होतात. टेकड्यांवर आता छत आहे, पायाखाली संगमरवर आहे. मधल्या एका टप्प्यात हिरवे दिवे लावलेले असतात, तेवढ्या भागात पुरुषांनी पळायचं आणि बायकांनी नेहमीच्या चालीने चालायचं. फिकहची कारणं मला माहीत आहेत, त्यावर वाद घालत नाही. पण धावली होती एक बाई, एकटी, कडेवर उचलायचं मूल खाली ठेवून. एवढं तरी आपण आपल्या मुलींना सांगत जावं.

हे मी का म्हणतो? मोहल्ल्यातल्या एका मुलीने भरतीसाठी धावायचं ठरवलं, तेव्हा तिची अम्मी माझ्याकडे आली होती. "सर, छोरी रोड पे दौडती अच्छी दिखती क्या?" मी त्यांना अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस सांगितली: सफरमध्ये रसूलुल्लाह आणि बीबी आयेशा यांची शर्यत लागली आणि बीबी आयेशा जिंकल्या, पुढे केव्हातरी परत लागली तेव्हा रसूलुल्लाह जिंकले आणि म्हणाले, ही त्या वेळची परतफेड. अम्मी हसल्या. पटलं की नाही ते सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मुलगी रस्त्यावर होती, मागे सायकलवर धाकटा भाऊ.

महाराष्ट्रातल्या मोठ्या धावपटू मुली कोरड्या किंवा चढणीच्या गावांतून आल्या, हा मला योगायोग वाटत नाही. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची. तिथे लहानपणी पाणी आणायला डोंगरवाट तुडवावी लागायची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आलेली ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोही गावची. माण सातारा जिल्ह्यातच आहे, पण कासचा पाऊस तिथे पोहोचत नाही. एकाच जिल्ह्यात पश्चिमेला धुक्यातली शर्यत आणि पूर्वेला टँकरची वाट.

आमच्याकडे विहीर खणली तर पाणी लागतं, पण पिववत नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारं पाणी. अकोट-तेल्हाऱ्याच्या चौऱ्याऐंशी खेड्यांना वान धरणाचं पाणी नळाने येतं, तेही येईल तेव्हा. आणि मान वर करून पाहिलं तर नरनाळा: वर तलाव आणि टाकी, एकापाठोपाठ एक. बहमनी काळात गड बांधणाऱ्यांनी आधी पाणी पाहिलं. महाकाली दरवाजावरचा फारसी शिलालेख पाहायला लोक येतात, फोटो काढतात. तो दरवाजा ज्याच्या काळातला, तो फतहुल्लाह इमादुल्मुल्क मूळचा विजयनगरच्या मुलखातला, कानडी ब्राह्मण घरातला मुलगा. लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला आणि १४९० मध्ये वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान झाला. तलावांकडे मात्र फारसं कुणी जात नाही.

साताऱ्याचं ऐकून त्या भरतीवाल्या पोरांनी आता माझ्यामागे लकडा लावला आहे की नरनाळ्यावरही लावू. शहानूरपासून वरपर्यंत. मी त्यांना सांगितलं की तो वाघांचा मुलूख आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो, वनखात्याची परवानगी लागेल आणि ती सहज मिळणार नाही, मिळूही नये. पोरांना ते मान्य आहे. तरी त्यांनी वहीच्या दोन पानांवर एक नकाशा काढून आणला. पाण्याची टेबलं कुठे कुठे ठेवायची याच्या त्यावर खुणा आहेत: एक शहानूरला, एक मधल्या वळणावर, एक महाकाली दरवाजात. अक्षर सायकलवाल्या भावाच्या बहिणीचं आहे. तिने खाली लिहिलंय की पाणी गावातून न्यावं लागेल, आणि किती कॅन लागतील ते मोजायचं बाकी आहे.