ॲल्युमिनियम-हवा विद्युतघटातील क्षरणरोध

ॲल्युमिनियम-हवा विद्युतघटातील क्षरणरोध म्हणजे घटाच्या अल्कधर्मी द्रावणात अल्प प्रमाणात अन्य द्रव्ये मिसळून ॲल्युमिनियमच्या अग्राची निरुपयोगी झीज कमी करणे होय. एक ग्रॅम ॲल्युमिनियमपासून तत्त्वतः २.९८ अँपिअर-तास विद्युतभार मिळतो. क्षरणामुळे त्यातील बराच भाग वाया जातो.

कारण

ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर असतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र द्रावणात तो विरघळतो आणि धातू उघडा पडतो. वीजनिर्मितीसाठी हे आवश्यक असले, तरी उघड्या धातूची पाण्याशीही थेट अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू बाहेर पडतो. घट वापरात नसतानाही ही झीज चालूच राहते.

क्षरणरोधक द्रव्ये

झिंक ऑक्साइड मिसळल्यास क्षरण मंदावते, असे सॉलोमन झॅरोंब यांनी १९६२ मध्ये दाखविले. द्रावणातील जस्त ॲल्युमिनियमवर थराच्या रूपाने जमते. जस्तावर हायड्रोजन सहजासहजी निर्माण होत नाही. सोडियम स्टॅनेटमुळे कथिलाचा असाच थर बसतो. काही सेंद्रिय संयुगांचे रेणू पृष्ठभागाला चिकटून पाण्याला अटकाव करतात. झिंक ऑक्साइडबरोबर अशी संयुगे वापरल्यास थर अधिक एकसंध होतो.

मर्यादा

थर फार दाट झाल्यास वीज देणारी अभिक्रियाही अडते व विद्युतदाब घटतो. शिवाय क्षरण मंदावते, पूर्णपणे थांबत नाही. म्हणून आणीबाणीसाठी राखून ठेवलेल्या घटांत द्रावण प्रत्यक्ष वापराच्या वेळीच भरतात.