खोकल्याची बाटली आणि आरोग्यसेवेचे मोजमाप

१९५९ मध्ये बेंगळुरू येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. क्षयाचे निदान व उपचार देशभर कसे पोहोचवावेत, याची योजना तिने आखायची होती. खेड्यातील अशिक्षित माणूस आपण होऊन दवाखान्यात येणार नाही, क्ष-किरण यंत्रे घेऊन रुग्ण शोधावे लागतील, असा समज त्या काळी रूढ होता.

संस्थेतील देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तो पडताळून पाहिला. शेजारच्या तुमकूर जिल्ह्यातील पाहणीत ज्यांना क्षय असल्याचे आढळले होते, त्यांना गाठून विचारण्यात आले: त्रास काय होतो, काळजी वाटते काय, उपाय कोणता केला? १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. बहुतेकांना लक्षणांची जाणीव होती. सुमारे निम्मे रुग्ण दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे क्षयाचे निदान न होता खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन त्यांची बोळवण झाली होती.

अज्ञानाचा दोष रुग्णावर टाकणारी समजूत येथे कोसळली. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात सर्वसाधारण आरोग्य केंद्रांतच, खोकला घेऊन येणाऱ्यांची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यावर भर देण्यात आला.

मोजमापाचा हाच प्रश्न आज जगापुढे आहे. सार्वत्रिक आरोग्य संरक्षणाची प्रगती जागतिक आरोग्य संघटना शंभर गुणांच्या निर्देशांकाने मोजते. लसीकरण, प्रसूतिपूर्व तपासणी, क्षयोपचार अशा १४ घटकांतून तो काढला जातो. उपचारांसाठी कुटुंबाला किती पदरमोड करावी लागते, हे स्वतंत्रपणे मोजतात. निर्देशांकाची जागतिक सरासरी २००० मध्ये ४५ होती, २०२१ मध्ये ६८ झाली. २०१५ नंतर मात्र ही वाढ मंदावली.

या आकड्यांची खरी परीक्षा छेदस्थानी असते. दवाखान्याची नोंदवही आलेल्यांनाच मोजते. न आलेले आणि निदानाविना परतलेले तिच्यात रुग्ण म्हणून दिसत नाहीत. क्षयाबाबत आलेल्यांची संख्या पुरत नाही. समाजात अंदाजे किती रुग्ण आहेत आणि त्यांपैकी कितींना उपचार मिळाले, हे पाहावे लागते. तुमकूरची पाहणी म्हणूनच मोलाची ठरते. तिची सुरुवात गावातील रुग्णापासून झाली होती. दवाखान्याची पारख त्यानंतर झाली.