वर्षभर एकच गाणं डोक्यात का वाजत राहतं?

डिसेंबर आला की म्युझिक अ‍ॅप्स आपल्यासमोर वर्षाचा हिशोब मांडतात. कोणतं गाणं किती वेळा ऐकलं, हे सगळं त्यात असतं. स्टोरीवर ती यादी टाकायची चढाओढही लागते. पण अ‍ॅप बंद असताना, भांडी घासताना किंवा लोकलमध्ये उभं असताना डोक्यात जे गाणं सुरू होतं, ते या यादीत मोजलं जात नाही. कधीकधी तर ते आपल्याला आवडतही नसतं!

याला नेमकं काय म्हणतात?

जर्मन भाषेतल्या 'ओरवुर्म' या शब्दावरून इंग्रजीत 'इअरवर्म' हा शब्द आला. शब्दशः अर्थ कानातला किडा. संशोधक याला 'अनैच्छिक सांगीतिक प्रतिमा' म्हणतात. आपण न ठरवता गाण्याचा छोटा तुकडा, बहुतेकदा ध्रुवपद, मनात पुन्हा पुन्हा वाजतो.

हा काही रील्सच्या जमान्यातला आजार नाही. मार्क ट्वेनने १८७६ मध्येच डोक्यातून न जाणाऱ्या एका यमकावर विनोदी कथा लिहिली होती. फिनलंडमध्ये १२ हजारांहून अधिक इंटरनेट वापरकर्त्यांच्या पाहणीत ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी आठवड्यातून किमान एकदा असा अनुभव येत असल्याचं सांगितलं होतं.

मेंदूत काय होतं?

२००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ओळखीची गाणी ऐकवताना मध्येच काही क्षण आवाज बंद केला गेला. त्या शांततेतही ऐकणाऱ्यांच्या मेंदूतला आवाजाशी संबंधित भाग सक्रिय राहिला. म्हणजे गाळलेली जागा मेंदू स्वतःच भरत होता.

अर्धवट राहिलेली गोष्ट जास्त लक्षात राहते, असं मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं होतं. गाण्याचा एकच तुकडा ऐकल्यावर तो घोळत राहतो, त्यामागे हेच असावं असा काहींचा अंदाज आहे. मात्र हे सिद्ध झालेलं कारण नाही.

ठरावीक गाणीच का अडकतात?

ब्रिटनमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या केली याकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी ३ हजार लोकांना त्यांच्या डोक्यात अडकणारी गाणी विचारली. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. लेडी गागाचं 'बॅड रोमान्स' यादीत सर्वांत वर होतं. अडकणाऱ्या गाण्यांची लय तुलनेने वेगवान होती आणि चालीचा चढउतार सोपा, ओळखीचा होता. पण त्यात एखादी अनपेक्षित उडी किंवा नेहमीपेक्षा जास्त पुनरावृत्तीही होती.

चालीइतकंच महत्त्वाचं म्हणजे ते गाणं किती कानावर पडतं. 'सैराट' आला त्या २०१६ मध्ये 'झिंगाट' वरातीत, मिरवणुकीत, रिंगटोनवर सगळीकडे होतं. २०२३ मध्ये 'बहरला हा मधुमास'वर रील्सचा पूर आला. अशी गाणी आपण निवडून ऐकत नाही, ती ऐकू येत राहतात. पुढे एखादा शब्द, जागा किंवा माणूस दिसला तरी ते गाणं परत सुरू होतं. म्हणूनच एखादं वर्ष आठवलं की त्या वर्षीचं गाणंही सोबत येतं.

झोपेवर परिणाम होतो का?

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या मायकेल स्कलिन यांच्या २०२१ मधल्या अभ्यासानुसार, वारंवार गाणी अडकणाऱ्यांची झोप तुलनेने खराब होती. विशेष म्हणजे शब्दांशिवायच्या, फक्त वाद्यांवर वाजवलेल्या लोकप्रिय चालींनी हा त्रास जास्त झाला. त्यामुळे झोपण्याआधी 'शांत' म्हणून ओळखीच्या गाण्याचं इन्स्ट्रुमेंटल लावत असाल, तर काही दिवस बंद करून पाहा.

सुटका कशी करायची?

• च्युइंगम चघळा. रीडिंग विद्यापीठाच्या २०१५ मधल्या प्रयोगात याने गाणं घोळणं कमी झालं. मनातल्या मनात गाताना बोलण्याची यंत्रणा वापरली जाते आणि चघळताना तीच गुंतून पडते, असं यामागचं स्पष्टीकरण दिलं जातं.

• मध्यम अवघड काम घ्या. शब्दकोडं किंवा सुडोकू चालेल. फार सोपं काम असेल तर मन भटकतं, फार अवघड असेल तरीही भटकतं. दोन्ही वेळा गाणं परत येतं.

• पूर्ण गाणं ऐका. काहींना शेवटपर्यंत ऐकल्यावर बरं वाटतं.

• जबरदस्तीने दाबू नका. 'विचार करायचा नाही' म्हटलं की तोच विचार येतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

बहुतेकांना हा त्रास थोडा वेळ होतो आणि आपोआप जातो. पण गाण्यामुळे काम, अभ्यास किंवा झोप सतत बिघडत असेल आणि मन अस्वस्थ राहत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. काही वेळा त्याचा संबंध ओसीडीशी असू शकतो. आणि गाणं मनात नव्हे, तर बाहेर कुठेतरी खरोखर वाजतंय असं ऐकू येत असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. अशा वेळी कान आणि मेंदू दोन्हींची तपासणी करून घ्यावी.