लॉगची रद्दी

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन 'सेंडमेल' हा ईमेल पोहोचवणारा प्रोग्रॅम लिहीत होते. पत्र कुठे अडकलं, का परत आलं, हे कळायला नोंदी, म्हणजे लॉग, हव्यात, म्हणून त्यांनी जोडीला 'सिसलॉग' केला. ही सोय इतर प्रोग्रॅमनीही उचलली आणि बघता बघता युनिक्सवरची सगळी खबरबात तिथे जमा होऊ लागली. तातडीनुसार ० ते ७ अशा पायऱ्या ठरल्या: ० म्हणजे आणीबाणी, ७ म्हणजे प्रोग्रॅमरच्या कामाची बडबड. गंमत अशी, की या पद्धतीचं वर्णन इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत आरएफसी ३१६४ म्हणून छापलं गेलं ते थेट २००१मध्ये. तोवर ती वीसेक वर्षं बिनबोभाट चालू होती.

लिहायचं कसं हे ठरलं. पुसायचं कोणी, हे कोणी ठरवलंच नाही.

तोच संदेश पुन्हा पुन्हा आला तर 'मागचा संदेश इतक्या वेळा आला' अशी एकच ओळ टाकायची, एवढी काटकसर सिसलॉग करी. बाकी फाइल फुगतच जाई. ॲडमिन मंडळी ती आवरायला आपापल्या स्क्रिप्ट लिहून रात्री 'क्रॉन'वर, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीवर, लावत. १९९०च्या दशकात रेड हॅटच्या एरिक ट्रोन आणि प्रेस्टन ब्राउन यांनी 'लॉगरोटेट' लिहिला आणि लिनक्सवर या कामाला शिस्त आली. 'मेसेजेस' या लॉग फाइलची 'मेसेजेस.१' होते, तिची '.२' आणि सर्वांत जुनी फाइल जाते. नेहमीची सेटिंग चार आठवड्यांची.

नवशिक्या ॲडमिनची फजिती मात्र ठरलेली. डिस्क १०० टक्के भरली, म्हणून तो सर्वांत मोठा लॉग 'आरएम' या पुसायच्या आज्ञेने उडवतो. फायलींची बेरीज करणारं 'डीयू' म्हणतं जागा झाली, डिस्कची भरलेली जागा सांगणारं 'डीएफ' अजून १०० टक्केच दाखवतं! कारण 'आरएम' फक्त फाइलचं नाव पुसतं. एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडी धरली असेल, तर जागा सुटत नाही. म्हणून फाइल बदलली की प्रोग्रॅमला 'हप' सिग्नल देऊन जुनी बंद, नवी उघड असं सांगावं लागतं. मुरलेले लोक फाइल उडवत नाहीत, जागच्या जागी रिकामी करतात.

साठलेल्या फायलींनी मंगळावरही घोळ घातला. जानेवारी २००४मध्ये नासाची 'स्पिरिट' गाडी उतरून तीन आठवडेही झाले नव्हते, तोच तिचा संगणक पुन्हा पुन्हा रीबूट होऊ लागला. फ्लॅश मेमरीत इतक्या फायली जमल्या होत्या, की त्यांचा हिशेब ठेवायलाच रॅम पुरेना. त्या सगळ्या लॉग नव्हत्या, पण दुखणं तेच. अभियंत्यांनी फ्लॅश वगळून संगणक सुरू केला, फायली काढल्या, शेवटी फ्लॅश फॉरमॅट केली. गाडी पुढे २०१०पर्यंत संपर्कात राहिली.

लिनक्सवरच्या 'सिस्टिमडी'चा जर्नल, म्हणजे त्याची लॉगची वही, आता मर्यादा आधीच घालतो: डिस्कच्या १० टक्के, फार तर ४ जीबी. शहाणपणाची सोय, पण कायद्याला ती पुरेलच असं नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार भारतात लॉग १८० दिवस जपावे लागतात. चार आठवड्यांची जुनी सेटिंग अजून तशीच असेल, तर ती आजच तपासा.