‘संबंध आढळला नाही’ हे वाक्य कसं वाचायचं?

रिसर्चची तयारी करताना ‘संबंध आढळला नाही’ हा निष्कर्ष तुम्हाला पेपरांमध्ये वारंवार भेटेल. तो कसा वाचायचा हे सिलिकॉन ब्रेस्ट इम्प्लांटच्या इतिहासातून चांगलं कळतं.

१९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या सर्जननी पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसवलं. वैद्यकीय उपकरणांचा कायदा आला १९७६ मध्ये. तोवर इम्प्लांट बाजारात रुळलं होतं. पुढे गळणाऱ्या जेलमुळे ऑटोइम्यून आजार होतात अशी भीती पसरली, कोर्टकज्जे झाले आणि १९९२ मध्ये एफडीएने वापरावर कडक मर्यादा घातल्या.

१९९४ मध्ये मेयो क्लिनिकचा अभ्यास आला. इम्प्लांट असलेल्या ७४९ आणि नसलेल्या १,४९८ स्त्रियांची तुलना करून निष्कर्ष निघाला: अशा आजारांशी संबंध आढळला नाही. पण पेपर पुढे वाचा. स्क्लेरोडर्मासारख्या दुर्मीळ आजाराचा धोका दुप्पट झाला तरी तो पकडायला इम्प्लांट असलेल्या ६२,००० स्त्रिया सरासरी १० वर्षं तपासाव्या लागतील, असं लेखकांनीच लिहिलंय. सॅम्पल साइझ म्हणतात ते हेच.

१९९९ च्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालानेही ऑटोइम्यून आजारांचा पुरावा नसल्याचं सांगितलं. खरा त्रास जागेवरचाच होता: भोवतीचं आवरण आकसून स्तन कडक होणं, इम्प्लांट फुटणं, पुन्हा ऑपरेशन.

आता गंमत बघा. सगळे जेलच्या मागे लागले होते. १९९७ मध्ये मात्र इम्प्लांटजवळ झालेल्या एका लिम्फोमाची केस छापून आली. अशा केसेस साठत गेल्या. २०११ मध्ये एफडीएने सावध केलं, २०१६ मध्ये डब्ल्यूएचओने हा वेगळा आजार मानला. संबंध निघाला तो मुख्यतः खडबडीत पृष्ठभागाशी, आत जेल असो वा सलाइन. २०१९ मध्ये ॲलर्गनने बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवले.

ओळखायचं कसं? ऑपरेशननंतर काही वर्षांनी एक स्तन अचानक सुजतो, इम्प्लांटभोवती पाणी साठतं. ते पाणी काढून सीडी३० तपासतात. निदान झालं की इम्प्लांट आणि भोवतीचं आवरण पूर्ण काढतात; आजार लवकर सापडला तर बहुतेकदा तेवढं पुरतं. पण ते पाणी न तपासता नुसतं काढून टाकलं, तर निदानच हुकतं.

म्हणून ‘संबंध आढळला नाही’ दिसलं की दोन गोष्टी विचारा: नेमकं काय शोधलं होतं? आणि ते असतं, तर या अभ्यासाला दिसलं असतं का?